इंटरनेट आता अजून वाढणार कुठे? सगळ्यांकडे तर पोचलंय (फायबरमध्ये पैसे घालू का नको)

केंद्रचालक_सोलापूर

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात माझं सेवा केंद्र आहे, फॉर्म भरणं, सातबारा काढणं, झेरॉक्स, रिचार्ज असं सगळं चालतं. प्रश्न जरा मोठा वाटेल पण माझ्यासाठी धंद्याचा आहे म्हणून इथं टाकतोय.

आमच्याकडचा केबलवाला म्हणतोय भागीदारीत ये, आजूबाजूच्या चार-पाच गावांत घरोघरी फायबर टाकू. माझा चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याला विचारलं तर तो म्हणतो वेडा आहेस का, इंटरनेट वाढायचं तेवढं वाढलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडं पण मोबाईल आलाय, रोजचा दीड-दोन जीबी मिळतो आणि तोच रील बघून संपत नाही, आता वायर कोण घेणार. दुसरीकडं पेपर उघडला की कोणतरी म्हणत असतं की इंटरनेटची खरी ताकद अजून वापरलीच गेलेली नाही. म्हणजे नेमकं काय वापरलं नाही हे मात्र कोणीच सांगत नाही.

तर जाणकारांनी सांगा, अजून काय शिल्लक आहे? ६जी आणि सॅटेलाईटचं सांगू नका, ते बघायला मोठी माणसं बसलीत. गावपातळीवर जे होण्यासारखं आहे आणि झालेलं नाही असं काय आहे ते सांगा. आणि वायर टाकू का नको तेही सांगा.

---

ओएफसी_वाला

दादा तुमचा चुलतभाऊ अर्धा बरोबर आहे. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा मार्च २०२४ चा आकडा बघा, देशात इंटरनेटची कनेक्शनं ९५ कोटींच्या वर. आता यातलं वायरवालं किती? साधारण ४ कोटी. बाकी सगळं मोबाईल. शिवाय कनेक्शन म्हणजे माणूस नाही, माझ्या एकट्याच्या खिशात दोन सिम आहेत. जगाचं म्हणाल तर आयटीयूनं (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) २०२४ ला ५५० कोटी लोक ऑनलाईन धरलेत आणि २६० कोटी बाहेर.

असं का झालं तर स्वस्ताईमुळं. २०१४ ला एक जीबी सरासरी २६९ रुपयांना पडायचा, सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, आणि आज तो ९-१० रुपयांवर आलाय. एवढं स्वस्त हवेतून मिळत असताना वायर कोण ओढणार, म्हणून आपल्याकडं मधली पायरीच गाळली गेली. पण हवेतलं इंटरनेट वाटून घ्यावं लागतं. एका टॉवरवर अख्खं गाव, संध्याकाळी साडेसात-आठला सगळे एकदम बसले की व्हिडिओ गोल गोल फिरतो. ऑनलाईन क्लास, शाळेचा स्मार्ट बोर्ड, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, सीसीटीव्ही, डॉक्टरचा व्हिडिओ कॉल ही कामं रोजच्या दीड जीबीवर होत नाहीत, आणि होत नाहीत म्हणून त्यांची सवयच लागली नाही.

भारतनेटचं, म्हणजे गावोगाव फायबर न्यायच्या सरकारी योजनेचं पण बघा. २०११ ला मंजूर झालं, तेव्हा नाव वेगळं होतं, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. बऱ्याच ठिकाणी केबल पोचली, पेटी बसली आणि पुढं काही नाही. कारण एक लाईन सरळ गावागावांतून नेलेली, मध्ये रस्त्याच्या कामावर जेसीबीनं दात घातला की पुढची सगळी गावं आडवी. आणि दुरुस्तीला कोण जाणार याचं उत्तर नव्हतं. ऑगस्ट २०२३ ला सुधारित योजना मंजूर झाली १ लाख ३९ हजार कोटींची, त्यात रिंग करायचं आहे म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं चालू राहील, आणि देखभालीचा पैसा पण धरलाय. पंचायतीपासून घरापर्यंतचं शेवटचं काम स्थानिक माणसाला भागीदारीत देतात, महिन्याच्या बिलात वाटा मिळतो. म्हणजे तुमच्यासारख्याला जागा आहे.

फक्त चार-पाच गावं एकदम घेऊ नका. ओएलटीच्या (फायबरच्या मुख्य पेटीच्या) एका पोर्टवर स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा) लावून ६४ घरं चालतात, ती ६४ जवळजवळ मिळाली तर हिशोब बसतो, वस्त्यांवर विखुरलेली असली तर घरापर्यंतच्या ड्रॉप वायरमध्येच पैसा जातो. पहिली गिऱ्हाइकं घरं नाही धरायची. दूध संकलन केंद्र, पतसंस्था, शाळा, दवाखाना, कृषी सेवा केंद्र ही आधी धरा, त्यांचं बिल थकत नाही. शाळेचं थकतं, पण ते धरलंच पाहिजे.

---

निवांत_बंड्या

वायर टाका बिनधास्त, फक्त आमच्या सासरवाडीकडं टाकू नका. आत्ता निदान रेंज नव्हती म्हणून सांगता येतं.

---

वारणाकाठ

हा प्रश्न आमच्याकडं पंचवीसेक वर्षांपूर्वीच विचारून झालाय. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहितो, मोठं होईल.

१९९८ ला वारणानगरच्या परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प आला. पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकारानं, एनआयसी (केंद्र सरकारची संगणक संस्था), राज्य सरकार आणि आमची वारणेची शिक्षण संस्था मिळून. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यातली ७० गावं. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला साखर कारखाना, दूध संघ, बझार हे सगळं आधीच होतं, म्हणून सरकारनं ही जागा निवडली असणार. लक्षात घ्या त्याआधी जेमतेम तीन वर्षं, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं देशात सामान्य माणसाला इंटरनेट दिलं होतं. मुंबईत पण डायलअपचा आवाज ऐकत बसायचे लोक आणि इथं खेड्यात कॉम्प्युटरचं केंद्र!

कल्पना काय होती, तर शेतकरी केंद्रात येईल, हवामान बघेल, बाजारभाव बघेल, पिकांवरच्या रोगाची माहिती घेईल, सरकारी दाखले काढेल, पोरं करिअरचं मार्गदर्शन घेतील. कागदावर लई सुंदर होतं. प्रत्यक्षात लोक आले ते उसासाठी. माझ्या उसाची नोंद कधीची लागली, तोड कधी येणार, वजन किती भरलं, खताचे किती कापले, बिल किती निघालं. आधी एवढ्यासाठी शेतकी ऑफिसला नाहीतर कारखान्यावर चक्कर मारायला लागायची, चिटबॉयच्या (कारखान्याच्या ऊसनोंदीच्या माणसाच्या) मागं फिरायला लागायचं. ते गावात पडद्यावर दिसायला लागलं ही खरी क्रांती. बाकीच्या माहितीकडं फारसं कोण फिरकलं नाही, आणि बऱ्याच केंद्रांचा संबंध कारखान्याच्या डेटाशीच राहिला, बाहेरच्या इंटरनेटशी नव्हे.

मग पुढं ते कॉम्प्युटर जुने झाले, लाईटीचा खेळ, दुरुस्तीचा खर्च. २००६-०७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन विभागातली माणसं आली आणि त्यांनी ७ गावांत प्रयोग केला, कॉम्प्युटर काढून साधा मोबाईल आणि एसएमएस. मेसेज पाठवला की उसाची माहिती उलट मेसेजमध्ये. खर्च एकदम खाली आणि शेतकऱ्याला केंद्रात यायची पण गरज नाही. ‘वारणा अनवायर्ड’ म्हणून त्यांचा पेपर आहे. म्हणजे वायर टाकायचा प्रकल्प शेवटी वायर काढून जास्त बरा चालला!

हे सांगायचं कारण, तुम्ही वायर टाका नाहीतर आणखी काही टाका, लोक तिच्यावरून काय मागतील ते वरून ठरत नाही. वरच्यांना वाटलं शेतकऱ्याला जगाची माहिती पाहिजे. शेतकऱ्याला पाहिजे होती त्याच्या स्वतःच्या उसाची माहिती, जी कारखान्याच्या टेबलावर अडकलेली. आजही बघा की, ग्रामपंचायतीत कुठल्या योजनेचा किती निधी आला, टँकर कधी येणार, डीपी जळाली तर नवीन कधी मिळणार, सोसायटीत युरिया आलाय का, तालुक्याला डॉक्टर आज आहेत का रजेवर आहेत. यातलं किती तुम्हाला फोनवर खात्रीनं कळतं? अमेरिकेतल्या इलेक्शनचं मिनिटामिनिटाला कळतं. माझ्या मते न वापरलेलं इंटरनेट ते हेच, पाच-दहा किलोमीटरच्या आतलं.

---

शब्दवेडी

वारणाकाठ, फार छान लिहिलंत. मी यात भाषेची बाजू जोडते.

केंद्रचालक दादा, तुमच्या भागात डाळिंब आहे ना? तेल्या रोगावर मराठीत सर्च करून बघा. एकच लेख पन्नास वेबसाईटवर चिकटवलेला दिसेल, तोही अर्धवट. आणि गंमत म्हणजे डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे, आणि तेल्याशी वर्षानुवर्षं झुंजणारे शेतकरी पण तिथलेच. त्यांना माहीत नाही असं नाही, ती माहिती व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये फोटो आणि व्हॉइस नोट बनून पडते आणि दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते. ग्रुपच्या बाहेरच्याला ती सापडतच नाही, सर्चला पण दिसत नाही. मराठी माणूस इंटरनेटवर कमी लिहितो हे खोटं आहे, चिक्कार लिहितो आणि बोलतो, पण बंद खोलीत.

आकडेवारी बघा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यावर लेख लाखाच्या आसपास. डेन्मार्कची लोकसंख्या ६० लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी, त्यांच्या विकिपीडियावर ३ लाखांच्या आसपास. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे हे आपले शब्दकोश नेटवर शोधता येतात ते शिकागो विद्यापीठाच्या कृपेनं. आपण मात्र ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून स्टेटस ठेवले.

आता हे सगळं जास्त महत्त्वाचं होणार कारण एआय. ते शिकतं जे उघड्यावर लिहिलेलं आहे त्यावरून. मराठीत उघड्यावर काय आहे? पंचांग, राशिभविष्य, सरकारी पीडीएफ आणि त्यातली निम्मी जुन्या फॉन्टमधली, कॉपी केली की अगम्य अक्षरं. ज्यांना टाईप करायचा कंटाळा आहे किंवा लिहिताच येत नाही अशी माणसं आता बोलून विचारणार, आणि उत्तर देणाऱ्याला मराठवाड्याची बोली कळणार नाही, वऱ्हाडी तर नाहीच. त्यामुळे उद्या कोणी आवाज गोळा करण्याचं काम गावात घेऊन आलं तर नाही म्हणू नका, ते काम आहे.

अजून एक खजिना राहिला. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीतले कोट्यवधी कागद आहेत, तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मोडी वाचणारी माणसं हाताच्या बोटावर. आयआयटी रुरकीच्या लोकांनी मोडीचं देवनागरी करणारं मॉडेल २०२५ मध्ये आणलंय. ते पूर्ण जमलं तर एखाद्या गावच्या पाटलाला आपल्या गावचा तीनशे वर्षांपूर्वीचा महसुलाचा कागद फोनवर वाचता येईल. मग भावकीत नवीन भांडणं सुरू होतील ते वेगळं.

---

कोडकामगार

मी केंद्रचालकांच्या चुलतभावाच्याच जातकुळीतला, त्यामुळे जरा थंड पाणी ओततो.

शब्दवेडी ताई, मुद्दा पटतो, पण उघड्यावर लिहून लिहिणाऱ्याला काय मिळतं? मराठी पानावरच्या जाहिरातीचा दर इंग्रजीच्या मानानं किरकोळ. तो तेल्यावरचा शेतकरी लेख लिहील, कोणीतरी उचलून स्वतःच्या चॅनेलवर टाकील, व्ह्यूज त्याला. व्हॉट्सॲपवर निदान ग्रुपमध्ये मान तरी मिळतो. लोक मूर्ख म्हणून बंद खोलीत बसलेले नाहीत.

माझ्या मते वाढ कुठं होते हे इतिहासात स्पष्ट दिसतं, जिथं रस्ता सगळ्यांना मोकळा असतो तिथं. १९९३ ला दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. तेव्हा इंटरनेटवर माहिती बघायला वेबपेक्षा गोफर नावाची पद्धत जास्त चालायची, मिनेसोटा विद्यापीठाची. त्यांनी जाहीर केलं की सर्व्हरच्या वापराला काही ठिकाणी फी लागेल. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं वेब सगळ्यांसाठी फुकट आणि खुलं करून टाकलं. पुढं गोफरचं नाव पण कोणाला आठवत नाही.

आपल्याकडं तेच यूपीआयचं. एप्रिल २०१६ ला सुरू झालं, ऑगस्ट २०२३ ला एका महिन्यात १००० कोटी व्यवहार ओलांडले. का? कारण माझं ॲप वेगळं, भाजीवाल्या मावशींचं वेगळं, दोघांच्या बँका वेगळ्या तरी पैसे जातात. त्याआधी वॉलेटं होती की, पण एका वॉलेटातले पैसे दुसऱ्यात जायचे नाहीत, म्हणून ती शहराबाहेर फार पसरली नाहीत.

वारणाकाठ म्हणतात ती पाच-दहा किलोमीटरची माहिती यायची असेल तर तीही अशीच आली पाहिजे. कारखान्याचं ॲप, दूध संघाचं ॲप, बाजार समितीचं ॲप, पंचायतीचं ॲप, प्रत्येकाचा ओटीपी वेगळा आणि पासवर्ड वेगळा, असं झालं तर कोणी वापरणार नाही. आत्ता नेमकं तेच चाललंय. हे जोडणार कोण, यात कोणालाच नफा दिसत नाही, म्हणून ते पडून आहे. आणि केंद्रचालक दादा, यात तुमच्या फायबरचा दोष नाही पण तुमच्या फायबरनं हे सुटणार पण नाही. पैसे घालताना एवढं डोक्यात ठेवा.

---

अंगणवाडी_ताई

सगळ्या दादालोकांचं वाचलं. सगळ्यांकडे पोचलं सगळ्यांकडे पोचलं असं सगळे म्हणताय पण सगळे म्हणजे कोण?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, कधीतरी इंटरनेट वापरलंय का. देशात बायांमध्ये ३३ टक्के हो म्हणाल्या, पुरुष ५७ टक्के. आता वाढलं असेल, नक्कीच वाढलं असेल, पण माझ्या वस्तीवर मी रोज बघते. घरात फोन असतो, पण तो सकाळी धन्याच्या खिशात बसून शेतावर नाहीतर एमआयडीसीत जातो आणि रात्री येतो. दिवसभर घरात सासू, सून, पोरं आणि बिनरिचार्जचा एक जुना फुटका मोबाईल. लॉकडाऊनला शाळा ऑनलाईन झाली तेव्हा तिघा भावंडांत एक फोन, त्यात आधी मुलाचा अभ्यास, मुलीचा वेळ उरला तर. हे कुठल्या ९५ कोटींत दिसतं?

म्हणून माझं मत ओएफसीवाल्या दादांपेक्षा वेगळ्या कारणानं वायरच्या बाजूनं आहे. मोबाईलचा डेटा माणसाबरोबर घराबाहेर जातो. वायर घरात राहते. तो जुना फुटका मोबाईल वायफायला लावला की सुनेला दुपारी काहीतरी बघता येतं, शिकता येतं, आईशी व्हिडिओवर बोलता येतं, कोणाला रिचार्ज मागायला लागत नाही. ई-संजीवनीवर डॉक्टर फोनवर तपासतात, फेब्रुवारी २०२३ पर्यंतच दहा कोटी लोकांनी सल्ला घेतला होता, पण गरोदर बाईला दुपारी त्रास व्हायला लागला आणि चालणारा फोन घरातच नसला तर त्याचा काय उपयोग.

तुम्ही कनेक्शन विकायला जाल तेव्हा बाप्याला विचारू नका, तो म्हणणार माझ्याकडं आहे की नेट. दुपारी जा आणि बाईला विचारा.

---

वारणाकाठ

ताईंनी बरोबर बोट ठेवलं. वारणेच्या केंद्रांवर पण येणारे सगळे बाप्येच असायचे, सातबारा ज्याच्या नावावर तोच येणार. तेव्हा यावर कोणी बोललेलं मला आठवत नाही.

कोडकामगार, नफा दिसत नाही हे खरं, पण कारखान्याला तरी १९९८ ला कुठं दिसत होता? शेतकरी सभासद होता आणि सभासद ओरडत होता म्हणून झालं. पंचायतीचं पण तसंच आहे, ग्रामसभेत कोणी मागत नाही तोवर कोणी देणार नाही.

---

निवांत_बंड्या

दुपारी जा म्हणतात ताई. दादा दुपारी जाल तर सिरियलच्या रिपीट टेलिकास्टच्या वेळेत जाऊ नका, दार पण उघडणार नाहीत.

---

केंद्रचालक_सोलापूर

सगळ्यांचे आभार, एवढं कोण लिहील असं वाटलं नव्हतं.

ताई, तुमचा मुद्दा चुलतभावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘हम्म’. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

ठरवलंय असं की चारपाच नाही, एकच गाव घ्यायचं. दूध डेअरी आणि पतसंस्था दोन्ही एकाच चौकात आहेत, शाळा जवळ आहे, तिथून सुरुवात. शाळेचं बिल थकलं तर थकलं. माझ्या केंद्राच्या दारात बोर्ड लावायचा विचार आहे, कुठल्या योजनेची यादी लागली, सोसायटीत खत आलं का, हे मी तसंही दिवसातून वीस जणांना तोंडी सांगतो, तेच एका उघड्या पानावर रोज टाकीन, ग्रुपवर लिंक. ॲप बिप काही नाही, ओटीपी नाही. शब्दवेडी ताई, त्या पानावर डाळिंबवाल्यांच्या व्हॉइस नोट लिहून काढून टाकल्या तर चालेल का? त्यांना विचारूनच टाकीन, नाव पण देईन.

ओएफसीवाले दादा, एक राहिलं. केबलवाला म्हणतो महावितरणच्या खांबांवरून ओढू, सगळे तसंच करतात. आणि स्प्लिसिंगचं, म्हणजे फायबर जोडायचं मशीन आपण दोघांत घेऊ म्हणतो. काय करू?

---

शब्दवेडी

चालेल काय, पळेल! बोलतात तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. कुठल्या गावचा अनुभव, डाळिंबाची कुठली जात, कोणत्या बहाराला, एवढं प्रत्येकाखाली टाका म्हणजे वाचणाऱ्याला ताडून बघता येईल. आणि औषधाचं प्रमाण ऐकून लिहिताना दोनदा विचारा, मिली आणि ग्रॅममध्ये घोळ झाला तर बाग जाईल.

---

ओएफसी_वाला

खांबांची परवानगी लेखी घ्या, ‘सगळे तसंच करतात’ वर जाऊ नका. नवीन लाईनमन आला आणि एका सकाळी सगळ्या वायरी कापून खाली टाकल्या की गिऱ्हाईक तुम्हाला फोन करणार, केबलवाल्याला नाही. मशीन एका गावासाठी घेऊ नका. जोडणीचं काम जॉईंटप्रमाणे पैसे घेऊन करून देणारी पोरं तालुक्याला मिळतात, सुरुवातीला तेच परवडतं. ओएलटीला मात्र इन्व्हर्टर चांगला लावा, त्यात काटकसर नको. गावात लाईट गेली तरी डेअरीचं संध्याकाळचं संकलन थांबत नसतं.